बिनचालीचा पाढा

आमच्या गावच्या शाळेचे अध्यक्ष भुजंगराव. नाव सापाचं, आवाज बेडकाचा. एकदा भर सभेत म्हणाले, "उद्यापासून गाण्याचा वर्ग बंद! पोरांनी पाढे पाठ करावेत. मला सगळे पाढे येतात, ते काय गाणं शिकून?"

पोरं रडवेली झाली. गाण्याच्या कुमुदबाई मात्र पदर खोचून उठल्या. "मग बाराचा म्हणा की, साहेब. पण चाल लावायची नाही. बाजारात भाव विचारता तसं सरळ बोलायचं."

"त्यात काय!" भुजंगराव म्हणाले आणि सुरू झाले. "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस..." लगेच मान डोलायला लागली, आवाज चढायला लागला. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला.

"चाल लागली!" बाई म्हणाल्या.

भुजंगरावांनी मान ताठ केली आणि पुन्हा सुरुवात केली. एकेक आकडा सुटा बोलता बोलता बारा सकवर गाडी अडली. पुढचं काही केल्या आठवेना.

बाई म्हणाल्या, "चाल काढली तर तुमचा पाढा चालेना, साहेब. मग पोरांची शाळा कशी चालेल?"

वर्ग चालू राहिला. भुजंगराव मात्र हल्ली बाजारात हिशेब करताना आधी आजूबाजूला बघतात, कुणी ठेका तर धरत नाही ना! मी धरतो.