चळतीवरचे सूप

फार पूर्वीच्या त्या जत्रेत ही गोष्ट सांगणारी हजर नव्हती, आणि सुपे बोलतात याचा पुरावाही तिच्यापाशी नाही. पण चांगुणा बुरुडीण तिथे बांबूची सुपे विकत असे, आणि चळतीत सर्वांत वर ठेवलेले सूप स्वतःवर भलतेच खूश होते.

येणारी प्रत्येक बाई त्यालाच उचलून वाखाणी, मग म्हणे, "हे हाताळलेलं आहे गं, खालचं दे." तीन दिवसांत खालची बारा सुपे घरोघरी गेली.

"मिरव आणखी!" खाली उरलेले एकुलते सूप हसले. आपल्या नशिबी धान्य पाखडणे नाहीच की काय, या विचाराने वरचे कासावीस झाले.

शेवटच्या संध्याकाळी चांगुणाने वरचे सूप खाली आणि खालचे वर ठेवले. आता खाली गेलेल्या सुपाला पहिल्याच दिवशी नाकारणारी पाटलीण जावेसाठी आणखी एक सूप घ्यायला आली.

"खालचं दे हं, चांगुणा!"

"खालचंच देते, वैनी."

पाटलिणीने ते उलटसुलट करून पाहिले. "याला म्हणतात वीण! वरच्याला ही सर नाही."

सूप तिच्या काखेत बसून ऐटीत निघाले. मागे राहिलेले सूप विकले गेले की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या खाली आता दुसरे सूप नव्हते.