चुंचुंला लाडू मिळेना

एक होती चिचुंद्री. केवढी? एवढीश्शी! तिचं नाव चुंचुं.

चुंचुं नवीनच कामाला लागली होती. कुठे? अस्वलशेठच्या कारखान्यात. तिथे आकाशकंदील करायचे. लाल, पिवळे, हिरवेगार. चुंचुं कंदिलाच्या काड्या बांधायची. आणि काय भराभर बांधायची म्हणता! बघतच राहावं.

दिवाळी आली. सगळे कंदील विकले गेले. आता काय? आता लाडू! कारखान्याची रीतच होती तशी. दिवाळी आली की काम करणाऱ्यांना लाडू. मोठी माणसं त्याला बोनस म्हणतात. म्हणू देत. आपण लाडूच म्हणू या.

चुंचुंने धाकट्या भावाला सांगून ठेवलं होतं, "बाळ्या, आज लाडू आणते हं. अर्धा तुझा, अर्धा माझा." बाळ्या दारातच बसला. वाट बघत.

कारखान्यात रांग लागली. बदकमावशी डबा घेऊन बसली. ससा आला, लाडू घेतला, गेला. खार आली, लाडू घेतला, गेली. सगळ्यांत शेवटी चुंचुं आली. तिने दोन्ही हात पुढे केले.

टप्प! मावशीने झाकण लावलं.

"मावशी, माझा लाडू?"

"अगं, तू तर नवी! नव्यांना लाडू असतो का? मला नाही बाई ठाऊक. कासवकाकांना मान हलवू दे, मग मी डबा उघडीन."

चुंचुंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काम केलं, आणि लाडू नाही? असं कुठे असतं का? पण रडत बसेल ती चुंचुं कसली! शेपटी केली वर आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कारखान्यात सगळ्यांत जुने कोण? कासवकाका. ते ऊन खात बसले होते.

"काका, काका!
मावशी डबा उघडेना,
चुंचुंला लाडू मिळेना!
तुम्ही मान हलवता का?"

"हूंऽऽ. नव्यांना लाडू असतो का? मला नाही बुवा ठाऊक. माकडभाऊला घंटा वाजवू दे, मग मी मान हलवीन."

सुर्रकन मान आत! घ्या. काका आत, पाठ बाहेर. आता बोलायचं कोणाशी, पाठीशी?

चुंचुं निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

माकडभाऊ झाडावर बसला होता. घंटेची दोरी त्याच्याच हातात.

"भाऊ, भाऊ!
काका मान हलवेना,
मावशी डबा उघडेना,
चुंचुंला लाडू मिळेना!
तू घंटा वाजवतोस का?"

"खी खी खी! नव्यांना लाडू असतो का? मला नाही बुवा ठाऊक. कारखान्याचा कंदील वर चढला, की घंटा. आधी नाही. करकोचादादाला कंदील टांगू दे, मग मी घंटा वाजवीन."

आणि माकड शेंगा सोलत बसलं. टरफलं कुठे टाकली? चुंचुंच्या डोक्यावर! वात्रट मेला.

चुंचुंने डोकं झटकलं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

करकोचादादा एका पायावर उभा होता. उंचच उंच. कारखान्याच्या दारावर कंदील टांगायचं काम त्याचं.

"दादा, दादा!
भाऊ घंटा वाजवेना,
काका मान हलवेना,
मावशी डबा उघडेना,
चुंचुंला लाडू मिळेना!
तू कंदील टांगतोस का?"

"नव्यांना लाडू असतो का? मला नाही बुवा ठाऊक. आणि हा बघ कंदील! बोडका! खाली झिरमिळ्याच नाहीत. वाऱ्यावर सळसळायचं काय? शेठना झिरमिळ्या लावू दे, मग मी कंदील टांगीन."

आता शेठकडे जायचं? बाप रे! अस्वलशेठ केवढे मोठे! पण दारात बाळ्या बसला होता ना, वाट बघत. चुंचुं निघाली. तुरु... तुरु... तुरु.

अस्वलशेठ गाल फुगवून बसले होते. पुढ्यात खळीची वाटी. मांडीवर कागदाच्या झिरमिळ्या.

"शेठ, शेठ!
दादा कंदील टांगेना,
भाऊ घंटा वाजवेना,
काका मान हलवेना,
मावशी डबा उघडेना,
चुंचुंला लाडू मिळेना!
तुम्ही झिरमिळ्या लावता का?"

"नाही लावणार!" अस्वलशेठ गुरगुरले. "ज्जा!"

"का हो शेठ?"

"अगं, कारखान्याच्या कंदिलाला झिरमिळ्या कोणी लावायच्या? नव्याने! रीतच आहे. पण इतकी वर्षं नवं कोणी आलंच नाही. मग मीच लावायचो. माझी बोटं ही अशी जाड. झिरमिळ्या सगळ्या वाकड्या. यंदा म्हणे कुणी नवी आली आहे. सकाळपासून वाट बघतोय मी तिची. कुठे आहे ती?"

तुम्हाला ठाऊक आहे ना, कुठे आहे? सांगू नका हं. चुंचुंलाच सांगू दे.

"अहो शेठ! मीच की ती! मीच नवी!"

"तू? मग आली का नाहीस?"

"मला कुणी सांगितलंच नाही!"

खरंच की! मावशीला वाटलं, काका सांगतील. काकांना वाटलं, भाऊ सांगेल. भाऊला वाटलं, दादा सांगेल. आणि दादाला वाटलं, शेठ सांगतील. सगळ्यांना नुसतं वाटलंच!

अस्वलशेठ खो खो हसले. त्यांनी खळीची वाटी पुढे केली. मग काय विचारता!

चुंचुंने झिरमिळ्या लावल्या, चट चट चट. एकही वाकडी नाही.
दादाने कंदील टांगला, सळ सळ सळ.
भाऊने घंटा वाजवली, घण घण घण.
काकांनी मान हलवली, डुगू डुगू डुगू.
मावशीने डबा उघडला, टप्प!

सगळे डब्यात डोकावले. तळाशी होता एक लाडू. एकच. पण केवढा! सगळ्यांत मोठा!

"इश्श! हा तर दरवर्षी उरतो," बदकमावशी म्हणाली. "कुणाचा ते कळतच नाही. मग मी आपली काकांना देते."

"अगं, तो नव्याचा लाडू!" अस्वलशेठ म्हणाले. "मीच करायला सांगतो दरवर्षी. नवं कोणी आलं तर असावा म्हणून. आणि काका, तुम्ही खाऊन टाकता होय?"

सुर्रकन मान आत!

"चुकलं गं पोरी," आतून आवाज आला. "गोड लागायचा फार."

चुंचुं इतकी हसली, इतकी हसली! मग तिने लाडू घेतला. उचलेना. मग ढकलला. गडगड गडगड गडगड, थेट घरापर्यंत.

बाळ्या दारातच होता. लाडू बघून त्याचे डोळे झाले मोठ्ठे. चुंचुंने लाडू फोडला. अर्धा बाळ्याचा, अर्धा चुंचुंचा. तूप पार कोपरापर्यंत आलं.

खाता खाता बाळ्या थांबला.

"ताई, आपल्या घरात सगळ्यांत नवा मीच ना गं? नव्यांना लाडू असतो का?"

चुंचुंने त्याला जवळ ओढलं. आपल्या अर्ध्यातला मोठा तुकडा काढला आणि त्याच्या तोंडात घातला.

"असतो रे राजा," ती म्हणाली. "नव्यांचा तर आधी असतो!"

कंदील गेला दारावर, लाडू गेला पोटात, आणि गोष्ट बसली तुमच्या कानात.