पाळण्याजवळची छोटी लेन्स

कॅमेऱ्याच्या बॅगेतल्या वस्तू एकमेकींशी भांडत असत, तेव्हाची गोष्ट. शलाकाच्या बॅगेत एक लांबलचक झूम लेन्स होती आणि शेजारी पुरीएवढी चपटी, छोटी लेन्स. छोटीला झूम करता येत नसे. “दूरचं जवळ आणता येत नाही, तर तुझा उपयोग काय?” असं मोठी तिला येता-जाता ऐकवायची.

एकदा शलाका मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला गेली. ऐटीत तिने मोठी लेन्स लावली. ते नळकांडं आपल्याकडे वळलेलं पाहून पाळण्यातल्या बाळाने भोकाड पसरलं.

“अगं बाई, ती तोफ आधी आत ठेव!” बाळाची आत्या करवादली.

शलाकाने निमूट छोटी लेन्स लावली. आता लांबून बाळ अगदीच इवलंसं दिसायला लागलं. मग ती बायकांमधून वाट काढत पाळण्याला खेटून बसली. कॅमेऱ्यामागचा तिचा हसरा चेहरा दिसताच बाळ शांत झालं. आत्याने वाकून कानात नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे बसायच्या आत फोटो निघाला.

बॅगेत परतल्यावर मोठीने विचारलं, “तुला जवळ आणता येत नाही ना? मग बाळाच्या कानावरची लवसुद्धा कशी दिसली?”

“मला येत नाही,” छोटी म्हणाली, “म्हणून शलाकाच जवळ गेली.”