कोपऱ्यातला खांब

त्या राज्याला चारी बाजूंनी तारेची जाळी होती आणि जाळी लाकडी खांबांवर उभी होती. आत कोंबड्या राहत. बाहेर मुंगूस राहत असे. त्यामुळे खांब जपणं हेच तिथलं सर्वांत मोठं सरकारी काम होतं.

पावसाळ्याच्या आधी दरवर्षी खांबांना जवसाचं तेल लावत, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही. रीत अशी, की सुरुवात वरून करायची, कारण वरच्या फळीवर बसून तुरेराव कोंबडा आरवत असे आणि पहिला मान त्या फळीचा. कोंबड्या पिसं तेलात बुडवत खाली खाली येत. डबा एकच. जमीन वीतभर राहिली की तो संपायचा. मग उरलेल्या उघड्या लाकडाला भुसा लोटून झाकत, म्हणजे काम पूर्ण झालेलं दिसे.

कवडी नावाची म्हातारी कोंबडी पाच वर्षं हे करून दमली होती. कोपऱ्यातल्या खांबाशी तिची सात पिल्लं असत, या वयात झालेली, शेवटचीच. एकदा दाणे शोधताना तिने तिथला भुसा उकरला, तर खांबात चोच सहज शिरली.

ती तुरेरावांकडे गेली. "यंदा खालून सुरू करू या हो. लाकूड कुजतं ते मातीपाशी."

"कवडीमावशी," तुरेराव फळीवरूनच म्हणाले, "मला तर इथून सगळे खांब चकचकीत दिसतात. आणि खालून सुरू केलं, तर वरपर्यंत पुरणार आहे का? खालचं सोडा. दृष्टीआड सृष्टी."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते काम कोंबड्यांना शिकवावं लागत नाही.

यंदाचंही तेल वरूनच लागलं. पुढे वारा सुटला, तेव्हा कोपऱ्यातला खांब आत कलला आणि जाळीखाली फट पडली. पलीकडे मुंगूस बसलं होतं; त्याला घाई नव्हती. कवडीने खांबाला पाठ लावली आणि रेटा दिला. फट मिटली. ती जरा सरकली, की फट पुन्हा दिसे. तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त कंटाळा आला, पण ती तिथेच बसली. दोन दिवसांपुरतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

पावसाळा गेला, थंडी गेली. पिल्लं मोठी झाली, कामाला लागली. आई एका जागी का बसते, हे विचारायचं राहून गेलं.

पुन्हा तेलाचा दिवस आला. "बघा," तुरेराव म्हणाले, "तळाला थेंब न लावता कोपऱ्यातला खांब कसा ताठ उभा आहे!"

कवडीच्याच लेकी पिसं घेऊन त्या खांबावरून खाली आल्या. तेल तिच्या पाठीच्या चार बोटं वर संपलं. मग त्यांनी रीतीप्रमाणे भुसा लोटला. तो कवडीच्या गळ्यापर्यंत आला, आणि काम पूर्ण झालेलं दिसू लागलं.