ठकूच्या धोंड्याचे सरडे

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, एक गुडघाभर उंचीचा काळा धोंडा आहे. त्याला ठकूचा धोंडा म्हणतात. चैत्रातल्या त्या सकाळी धोंड्याच्या सावलीत घोंगडीवर एक तान्ही पोर निजली होती. तिची आई सुगंधा शेजारी बसली होती आणि तिचा आजेसासरा, म्हाळू झोरे, काठीवर हनुवटी टेकून समोरच्या दगडांकडे बघत होता. पवनचक्क्या बघायला आलेली पुण्याची चारपाच माणसं तिथं थांबली आणि इथं काय आहे, असं विचारू लागली.

म्हाळूला बोलायचा कंटाळा आला होता. पण विचारणाऱ्याला सांगायचं, ही घरची रीत.

ठकू त्यांच्याच धनगरवाड्यातली, झोऱ्यांच्याच घरची. फार पूर्वीची, किती पूर्वीची ते कुणालाच ठाऊक नाही. एका साली जुनं गवत वाळून राठ झालं, मेंढरं तोंड लावेनात. जाळलं तर नवा कोंब फुटेल म्हणून तिनं सड्याला काडी लावली आणि लेकरू या धोंड्याआड ठेवलं. वारा फिरला. आग तिच्या आणि लेकराच्या मधे आली. तिला पलीकडे जाता येईना.

आग विझली तेव्हा ती ऊर बडवत आली. बघते तर लेकरू पाय झाडत खेळतंय! धोंड्याभोवती हातभर गवत न जळता तसंच होतं, आणि त्याच्या कडेनं सरडे बसलेले, अंगाला अंग लावून, गळ्याखालच्या कातडीचे पंखे उघडून. शेपट्या जळाल्या, पण एकही हलला नव्हता, असं सांगतात. त्याआधी त्यांचा गळा नुसता निळा होता म्हणे. आता त्यावर दिसतो तो काळा आणि तांबडा रंग त्या आगीचा.

"माझ्या वंशातला हात या सड्याला काडी लावणार न्हाई," ठकू सरड्यांना म्हणाली, "आन् तुमचं दर्शन घडल्याबिगर माझ्या घरच्या लेकराचं नाव ठेवणार न्हाई."

"मग सरडे कुठं आहेत?" पाहुण्यांपैकी एकीनं विचारलं.

म्हाळूनं हात फिरवला. त्याच्या लहानपणी चैत्रात दगडागणिक एक नर बसायचा, पंखा उघडझाप करत. घोंगडी अंथरेपर्यंत दर्शन व्हायचं. त्याच्या लेकाच्या वेळी थोडं थांबावं लागलं, नातवाच्या वेळी दुपार झाली. मग रस्ते आले, खडीसाठी दगड उचलले गेले, दिवसभर गाड्या फिरू लागल्या. आता या पोरीसाठी ते सलग तिसऱ्या दिवशी वर आले होते.

पाहुणे गाडीकडे गेले. ऊन चढलं. पोर रडू लागली, तिचं तोंड लाल झालं.

"आजा, आता काय करायचं?" सुगंधानं विचारलं.

म्हाळूनं डोळे बारीक केले. कातळावर नुसती झळ नाचत होती.

"त्यो बघ," तो म्हणाला. "पल्याडच्या दगडावर. पंखा उघडला त्यानं."

सुगंधानं तिकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं पोरीला उचलून पदराखाली घेतलं, आणि म्हाळूनं घोंगडी झटकली.

आजही झोऱ्यांच्या मुलाचं नाव सरड्याचं दर्शन झाल्याशिवाय ठेवलं जात नाही, असं त्या भागात सांगतात.