डब्याच्या तळाचा फराळ

एकदा काय झालं, दिवाळी संपली. ती काय दर वर्षी संपते, त्यात सांगायचं काय, असं म्हणू नका. गोष्ट तिथूनच सुरू होते. पांघरुणं घ्या आधी अंगावर. नंदू, पाय आत घे, गार लागतंय. हं, आता ऐका.

तर डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचा एक राजा होता, राजाची एक राणी होती, तिचं नाव केतकी. आणि केतकीराणीला एकच मुलगी, तिचं नाव सोनसळी. असेल तुमच्याएवढीच. वेणी मात्र पार गुडघ्यापर्यंत.

राजा गेला होता दूर, राज्याच्या सीमेवर. तुळशीच्या लग्नाला परत येतो म्हणाला होता. आणि तुळशीचं लग्न जवळ आलं की फराळाचे डबे कसे होतात, ठाऊक आहे ना? राजवाड्यातसुद्धा तसंच, बरं का. चिवड्यातले दाणे आणि खोबऱ्याचे काप कुणीतरी वेचून खाल्लेले, खाली नुसता चुरा. चकलीचे तुकडे, तेही मऊ पडलेले. शंकरपाळे असे कडक की दात पडावा. दाणे कुणी वेचले ते मी विचारत नाही. ज्याने वेचले त्याला माहीत आहे.

मग तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी राणी स्वयंपाकघरात गेली, तर चूल विझलेली. राख उकरली, निखारा नाही. देवघरात गेली, तर समई विझलेली. गावात माणूस धाडला, तो धापा टाकत परत आला. म्हणाला, गावात एकाही घरात विस्तव नाही. राणीने गारगोट्या घासल्या. ठिणगी उडाली खरी, पण सूंऽऽ करून खिडकीबाहेर निघून गेली.

ठिणगी गेली कुठे म्हणून राणीने खिडकीतून पाहिलं. अंगणात आता एक राक्षस येऊन बसला होता. बसलेलाच, तरी डोकं कौलांच्या वर. गावचा सगळा विस्तव त्याने गिळला होता आणि त्याच्या नाकातून धूर येत होता. राणीची ठिणगीसुद्धा त्याच्याच जिभेवर जाऊन पडली. आणि त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत सोनसळीच्या वेणीचं टोक होतं.

पोर सकाळी तुळशीसाठी फुलं तोडायला गेली होती. ती तिथेच उभी होती, परडी छातीशी धरून. रडत नव्हती. हललं की केस ओढले जायचे, म्हणून हलतही नव्हती.

राणी तशीच अनवाणी बाहेर धावली आणि ओरडली, "सोड! सोड माझ्या लेकीला!"

राक्षस म्हणाला, "मला भूक लागलीय. विस्तव गिळून पाहिला, त्याने पोट भरत नाही, नुसती आग पडते. घरात केलेलं काय असेल ते आण. कच्चं धान्य आणू नकोस, मला बाधतं. मी माझ्या तोंडाने 'पुरे' म्हटलं, तर पोर तुझी आणि विस्तवही तुझा. पण त्याआधी तुझे डबे रिकामे झाले, तर पोर माझी."

राक्षस दिलेला शब्द मोडत नाहीत, बरं का. तो धंदा माणसांचा.

आता राणीने करावं काय? प्रधानजी होते, ते माळ्यावर चढून बसले आणि त्यांनी शिडी वर ओढून घेतली. आचारी मागच्या दाराने पळाला, तो म्हणे अजून पळतोच आहे. गावातल्या बायांनी आपापले डबे उलटे करून दाखवले. सगळ्यांचे रिकामे. उरली एकटी राणी, आणि फडताळात तीन डबे. विस्तव नाही, म्हणजे नवं काही करायची सोयच नाही. जे तळाशी उरलंय त्यातच सगळं भागवायचं.

मग राणीने पहिला डबा उघडला. चिवड्याचा. सगळा चुरा परातीत ओतला. नुसता चुरा पाहुण्यापुढे ठेवायचा कसा? मग तिने कांदा बारीक चिरला, काकडी सुरीने चोचवून बारीक केली, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली, वर दोन लिंबं पिळली. हात इतके थरथरत होते की बोट कापलं. तशीच परात उचलली आणि राक्षसापुढे ठेवली. त्याने परात उचलली, तोंडाला लावली आणि एकदम गट्ट! चावलंसुद्धा नाही. जिभेवर मिरची लागली तसा नाकातून धुराचा लोट निघाला.

"आण!" राक्षस म्हणाला, आणि वेणी बोटाभोवती एकदा गुंडाळली. सोनसळी एक पाऊल त्याच्याकडे ओढली गेली.

राणी आत धावली. दुसरा डबा काढला. चकल्या, कडबोळी, शेव, सगळ्याचे तुकडे आणि भुगा. राणीने मनाशी म्हटलं, परातीत दिलं की हा गिळतो. लहान लहान भांड्यांत द्यायला हवं. मग तिने पळसाच्या पानांचे छोटे छोटे द्रोण लावले. प्रत्येकात चकलीचे तुकडे, वर घुसळलेलं दही, वर चिंचगुळाचं पाणी, वर चिमूटभर शेव. दही हंड्यात भरपूर होतं, देवाची कृपा. चकली फार भिजून लगदा होऊ नये म्हणून ती एकेक द्रोण भरायची आणि धावत नेऊन ठेवायची. भरायची आणि धावायची. पुन्हा भरायची, पुन्हा धावायची.

राक्षसाची बोटं केवढी, द्रोण केवढा! त्याला चिमटीत धरून एकेक उचलावा लागला. त्यामुळे वेळ गेला खरा. दह्याने पोटातली आग जरा निवली, धूर बारीक झाला. राणीला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. पण शेवटचा द्रोण चाटून झाला आणि राक्षस म्हणाला, "आण!" वेणीचा आणखी एक वेढा बोटाभोवती पडला. आता सोनसळी त्याच्या गुडघ्याला टेकली होती. तिने आईकडे पाहिलं. राणीला ती नजर सोसवेना. ती मान फिरवून आत गेली.

तिसरा डबा. उन्हं कलली होती. डब्यात कडक शंकरपाळे, फुटक्या करंज्यांचं सारण आणि बेसनाच्या लाडवांचा भुगा. एवढंच. राणीने डबा हलवून पाहिला. यानंतर काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती खाली बसली आणि शंकरपाळे खलबत्त्यात घालून कुटू लागली. ठक, ठक, ठक. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती कुटत होती. मग त्यात लाडवाचा भुगा मिसळला, राजेळी केळं कुस्करलं, दुधावरची साय घातली, वेलची घातली. बोराएवढ्या गोळ्या वळल्या आणि करंजीच्या सारणात घोळवल्या. विड्याच्या पानाचे तुकडे करून एकेका तुकड्यावर एकेक गोळी ठेवली. वळता वळता तिचे हात थरथरायचे थांबले. हातांना काम असलं की असंच होतं, बाळांनो. शेवटी डब्याचे कोपरेसुद्धा बोटाने निपटून घेतले, ताट भरलं आणि बाहेर नेऊन ठेवलं.

राक्षसाने एक गोळी उचलली. डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. तोंडात टाकली आणि, आता बघा हं, चावली. मग दुसरी उचलली. ती पण चावली. सावकाश, डोळे मिटून. राणी समोर उभी. ताटात दहा उरल्या, मग पाच, मग दोन. मग एकच. राक्षसाने ती पण खाल्ली.

ताट रिकामं झालं. राक्षस 'आण' म्हणाला नाही. 'पुरे'ही म्हणाला नाही. अंगठा चाटत बसून राहिला.

आता शहाण्या बाईने अशा वेळी काय करावं? गप्प राहावं! पण केतकी पडली पाहुण्यारावळ्यांच्या घरातली. तिच्या आईने, आत्याने, सासूने, कुणीच पाहुण्याचं पान रिकामं पाहून तोंड मिटलं नव्हतं. सवय काही डोक्याला विचारून येत नाही. समोर रिकामं ताट दिसलं आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, हे काय! काहीच घेतलं नाहीत तुम्ही. घ्या ना अजून थोडं. लाजू नका, घर आपलंच आहे!"

बोलली आणि जीभ चावली. देवा! घ्या कुठून? डब्यात तर कणही नाही. आता हा 'आण' म्हणाला की संपलं सगळं.

आणि राक्षस दचकला. त्याने मागे वळून पाहिलं, ही कुणाला म्हणतेय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग त्याचे कान लाल झाले. तो अवघडून सावरून बसला, आणि त्याने घाईघाईने हात आडवे धरले ताटावर. दोन्ही हात, बरं का! आणि म्हणाला, "छे छे, नको! नको हो! पुरे!"

वेणी बोटांवरून सळकन सुटली. सोनसळी जी धावली ती आईच्या कुशीत.

राक्षस आपल्या हातांकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हटलं का मी?"

राणी म्हणाली, "म्हणालात."

"मला आजवर सगळे 'बास कर' म्हणत आले," राक्षस म्हणाला. "'अजून घ्या' असं कुणी कधी म्हटलंच नाही. कसं वागायचं असतं ते कळेना, आणि तोंडातून तेवढंच आलं."

मग त्याने एक ढेकर दिला. असा दिला की कौलं हलली. त्याबरोबर सगळा विस्तव बाहेर पडला आणि ज्याच्या त्याच्या घरी गेला. चूल पेटली, समई लागली, गावभर घरं उजळली. राणी पायरीवर बसली आणि लेकीला पोटाशी धरून मोठ्याने रडली. रडू आलं की रडावं.

मग राजा आला. प्रधानजी माळ्यावरून उतरले आणि आपण वरून पहारा देत होतो म्हणाले. मग तुळशीचं लग्न लागलं. अंतरपाट कुणी धरला? राक्षसाने! तो इतका उंच धरला की खालून बाळकृष्ण आणि तुळस एकमेकांना सरळ दिसत होती, आणि भटजी हसू दाबत मंगलाष्टकं म्हणत होते. आणि पुढे दर दिवाळीला राणी पहिल्या घाण्याचं ताट डोंगरावर राक्षसाकडे धाडायची. सोबत सोनसळी जायची आणि राक्षसाला आग्रह करकरून वाढायची.

राजाच्या घरी सगळे सुखात राहिले, डोंगरावर राक्षस सुखात राहिला. तुमचंही तसंच होवो. आता कुशीवर वळा, डोळे मिटा आणि झोपा बघू.