कागदाएवढी फट

सायकलींना नुकत्याच मोटारी बसू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. अंगणवाडीच्या कुंदाताईंच्या सायकलीला एक भारी काळजीखोर ब्रेक होता. मोटार बसल्यापासून सायकल उतारावर सुसाट निघायची, म्हणून तो चाकाच्या चकतीला क्षणभरही सोडत नसे. घासून घासून ती बिचारी पातळ झाली आणि शेवटी काढूनच टाकावी लागली.

सायकल दुरुस्त करणाऱ्या यासीनचाचांनी नवी, मोठी चकती बसवली. ब्रेकने तिलाही लगेच घट्ट धरलं.

"दादा, दुखतंय," ती म्हणाली.

"पहिली गेली. तुला नाही जाऊ देणार."

"पण ती तुमच्याच हातात झिजली ना?"

तेवढ्यात चाचांनी ब्रेकचे बोल्ट ढिले केले, जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा दोघांच्या मध्ये सरकवला, बोल्ट पुन्हा आवळले आणि तुकडा काढून घेतला. कागदाएवढी फट राहिली. ब्रेकला ती दरीएवढी वाटली.

दुसऱ्या दिवशी कुंदाताई उतारावरून निघाल्या. चकती गुणगुणत फिरत होती. ब्रेकचा जीव खालीवर होत होता, पण त्याने हात आवरले. इतक्यात वळणावर एक शेळी आडवी आली. ताईंनी ब्रेक दाबला. त्याने चकतीला धरलं आणि सायकल शेळीपासून वीतभर अंतरावर थांबली.

"घाबरलीस का गं?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्ही जवळच होतात की."

शेळी सावकाश निघून गेली. मग ब्रेकने आपणहून हात सोडला.